धावल्यानंतरची मळमळ : भाट्याच्या पुळणीवरचं एक प्रकरण

पोलीस भरतीची तयारी करणारी २३ वर्षांची मुलगी. वजन ४८ किलो, पूर्वीचा कुठलाही मोठा आजार नाही. तक्रार एकच, जोरात धावलं की मळमळतं आणि कधी कधी उलटी होते. गणपती झाल्यावर सराव वाढला, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून मी हे प्रकरण लिहिते आहे, कारण रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर सराव करणारी अशी बरीच मुलं माझ्याकडे दवाखान्यात येतात आणि बहुतेकांना पित्ताची गोळी देऊन परत पाठवलेलं असतं.

हिलाही तेच झालं होतं. आई सोबत आली होती. "मॅडम, धावून आली की पोर पिवळी पडते नि सगला भायर टाकते. काय ता कळत नाय." औषधाच्या दुकानातून आणलेल्या पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं झालं होतं, फरक शून्य. सराव घेणारे सर सांगत होते की उलटी झाली म्हणजे मेहनत खरी झाली, आठवडाभरात सवय होईल. सर मनाने फार चांगले आहेत, गावातल्या मुलांकडून एक पैसा न घेता पहाटे पाचला किनाऱ्यावर उभे असतात. पण हे वाक्य मला मान्य नाही. मैदानावर ते सर्रास ऐकू येतं आणि त्यामुळे मुलं तक्रार करायची बंद होतात. उलटी ही मेहनतीची पावती नाही. शरीर काहीतरी सांगत असतं, आणि काय सांगतंय ते बहुतेक वेळा शोधून काढता येतं.

शोधायचं कसं, तर पहिला प्रश्न घड्याळाचा. मळमळ नेमकी कधी सुरू होते? धावायच्या आधीच, धावताना, थांबल्याबरोबर, की घरी गेल्यावर तासाभराने? ती म्हणाली, "कधीही होते." कधीही म्हणजे रुग्णाने अजून नीट पाहिलेलं नाही. तिला एक वही करायला सांगितली. काय खाल्लं आणि किती वाजता, किती पाणी प्यायली, काय धावली, मळमळ कुठल्या क्षणाला सुरू झाली, किती वेळ टिकली. शेवटचा रकाना होता जागेचा. सहज म्हणून घातलेला तो रकाना पुढे सगळ्यात कामाला आला.

तोवर तपासण्या करून घेतल्या. आईला बाहेर बसवून मुलीला एकटीला पाळीबद्दल आणि गरोदरपणाच्या शक्यतेबद्दल विचारलं. या वयाच्या कुठल्याही मुलीला मळमळ होत असेल तर हे विचारायलाच हवं, आणि आईसमोर विचारून उपयोग नसतो. तशी काही शक्यता नव्हती. पाळीत रक्तस्राव मात्र जास्त होत होता. आडवं झोपवून आणि उभं करून रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला, साखर पाहिली, लघवी तपासली. सगळं ठीक. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली खालची मर्यादा १२ आहे. यात नवल काही नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पण ८०० मीटर धावणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा आकडा बाजूला ठेवून चालत नाही. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी असेल, तर जो वेग मैत्रिणीला जेमतेम जड जातो तोच हिला जीव काढणारा होतो.

रक्त कमी असल्याचं घरी आधीच माहीत होतं. आशाताईंनी उपकेंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या आणून दिल्या होत्या. ती गोळी ती कधी घेत होती, ते वहीच्या पहिल्याच पानावर मिळालं. पहाटे उठून तोंड धुतलं की गोळी, त्यावर कोरा चहा, मग सायकल काढून भाट्याला.

पहाटेची गोष्ट तिथेच निम्मी उलगडली. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की बऱ्याच जणांना नुसतं बसूनही मळमळतं. वर चहा, ज्यामुळे अन्नमार्गातून लोह शोषलं जाणंही कमी होतं. म्हणजे गोळीचा त्रास पुरेपूर आणि फायदा अर्धामुर्धा. पोटात रात्री साडेआठच्या जेवणानंतर काही नाही. नवरात्रात तर रात्रीही साबुदाण्याची खिचडी आणि वर दाणे, एवढंच. वहीत पहाटेच्या मळमळीची वेळ बघितली तर ती धावायला लागण्याआधी, वॉर्मअपमध्येच सुरू झालेली. सोबत हात थरथरणं, घाम, डोकं हलकं होणं. उलटी क्वचितच, आणि आली तर नुसतं आंबट पाणी.

संध्याकाळची मळमळ अगदी निराळी होती. धावताना काही नाही. फेरी संपवून रेषा ओलांडली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली किंवा रेतीत बसली, की मिनिट-दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी, ओठ पांढरे, आणि उलटी. उलटीत दुपारचा भात तसाच. सगळी मंडळी याला एकच आजार समजत होती. प्रत्यक्षात दोन तक्रारी होत्या, दोन्हींची कारणं वेगळी, आणि पित्ताच्या गोळीने यातली एकही बरी होणार नव्हती.

जोराच्या व्यायामात पोटाचं काय होतं ते इथे सांगायला हवं. आपण निवांत असतो तेव्हा हृदयातून निघालेल्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत यांच्याकडे जातो. धावायला लागलं की शरीर ते रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि, उकाडा असेल तर, त्वचेकडे वळवतं. अगदी शिकस्तीच्या व्यायामात पोटाचा पुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. जठर रिकामं होण्याचा वेगही मंदावतो. ओळखायची सोपी खूण अशी, की धावताना दोन शब्दही बोलता येत नाहीत अशी पायरी आली की जठराने काम जवळपास सोडलं असं समजावं. त्या वेळी आत जे असेल ते तिथेच राहणार. मासे, खोबऱ्याचं वाटण घातलेलं कालवण, भात असं जेवण दुपारी अडीचला झालं आणि पाचला जोराच्या फेऱ्या सुरू झाल्या, तर जेवण अजून वाटेतच असतं. तेलकट आणि खोबऱ्याचं अन्न जठरातून सगळ्यात सावकाश पुढे सरकतं.

थांबल्याबरोबर अंधारी येण्याचं कारण पायांत आहे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलत राहतात. झटकन थांबलं की ते ढकलणं थांबतं, पण पायातल्या रक्तवाहिन्या अजून रुंदच असतात. रक्त खाली साचतं, दाब उतरतो, मेंदूला कमी पडतं. त्यातच ८०० मीटरसारख्या धावण्यात रक्तातली आम्लता वाढते आणि तिचा कळस थांबल्यानंतर काही मिनिटांनी येतो. म्हणून शर्यत संपल्यावर बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. चांगल्या कसलेल्या धावपटूंनाही हे होतं.

हे सगळं रोज संध्याकाळी लागू होतं. मग उलटी रोज का नाही? वही दोन पंधरवडे भरली होती आणि उलटीच्या संध्याकाळी गठ्ठ्याने येत होत्या. तीन-चार दिवस सलग त्रास, मग दहा-अकरा दिवस जवळजवळ काहीच नाही, मग पुन्हा त्रास. जेवण तेच, झोप तीच, सरांनी दिलेल्या २०० मीटरच्या फेऱ्या आणि त्यांची वेळही तीच. मी पाळीच्या तारखांशी ताडून बघितलं, जुळेना.

उत्तर दिलं तिच्या वडिलांनी. ते मासेमारीच्या बोटीवर जातात. मुलीला घ्यायला आले होते, वही हातात घेतली, तारखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्या सगळ्या षष्ठी-सप्तमी-अष्टमीच्या तारखा हायत. भांगाचे दिवस." भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस. आणि मग मला जागेच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. उलटीच्या प्रत्येक दिवशी तिथे होतं, "वरची वाळू".

किनाऱ्यावरच्या माणसाला हिशेब माहीत असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमी म्हणजे सव्वापाच, पहाटेही आणि संध्याकाळीही. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी, आणि काजळी नदीच्या मुखापासून पुढे भाट्याला रुंद, ओली, सिमेंटसारखी घट्ट पट्टी मोकळी होते. सायकलसुद्धा चालते त्यावर. सप्तमीच्या आसपास उलट. संध्याकाळी पाचला खालची घट्ट पट्टी पाण्याखाली असते. आणि भांगाचं पाणी फार वर चढत नसल्याने वरची पुळण तीन-चार दिवस भिजलेलीच नसते, कोरडी भुसभुशीत. पाय टाकला की टाच घोट्यापर्यंत रुतते.

मऊ वाळूवर धावायला घट्ट जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त, साधारण १.६ पट ऊर्जा लागते, हे मोजलं गेलेलं आहे. सर मात्र हातातल्या घड्याळाकडे बघत होते. पौर्णिमेला २०० मीटर जितक्या सेकंदांत मारायचे तितक्याच सेकंदांत सप्तमीलाही. घड्याळाच्या हिशेबाने सराव सारखाच होता, शरीराच्या हिशेबाने सप्तमीला दीडपटीहून जास्त. त्यात रक्त कमी. म्हणजे त्या दिवसांत ती पोटाचा पुरवठा पार तुटेल अशा पायरीवर पुन्हा पुन्हा जात होती.

वडिलांचं हे निरीक्षण नसतं तर मी आणखी तपासण्या लिहून दिल्या असत्या, कदाचित दुर्बिणीची तपासणीही. गावात तपासणीआधी रुग्णाच्या घरच्यांना त्यांच्या कामातलं ज्ञान विचारावं, असं मला यातून अधिकच ठामपणे वाटतं.

तिसरी बाजू घामाची. ऑक्टोबरातला उकाडा इथे पाऱ्यावर फार दिसत नाही, दमटपणात दिसतो. घाम अंगावरून वाफ होऊन उडाला तरच थंडावा देतो, एक लिटर घाम उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळतो, मीठ-पाणी जातं आणि अंग तापलेलंच राहतं. तिच्या काळ्या टी-शर्टवर पाठीला पांढऱ्या मिठाचे वळसे उमटलेले असायचे. दवाखान्यातला वजनकाटा सरांकडे दिला आणि सरावाआधी, सरावानंतर अंग पुसून वजन करायला सांगितलं. एका संध्याकाळी एक किलोच्या आसपास घट. ४८ किलोच्या अंगाला हे दोन टक्के झालं, आणि एवढ्या घटीनंतर जठर आणखी मंद चालतं. ती पाणी पीत नव्हती असं नाही. सराव संपल्यावर बाटलीभर पाणी एका दमात गटागटा पीत होती, आणि तेही उलटून पडत होतं.

बदल एकेक करून केले. सगळं एकदम बदललं की कशाने गुण आला ते कळत नाही, आणि मुलीला पुढे कायम दहा पथ्यं पाळावी लागतात.

पहिल्यांदा लोहाची गोळी रात्री जेवणानंतर नेली, एक दिवसाआड, चहापासून लांब, जेवणात लिंबाची फोड. पाळीतल्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पहाटे निघण्याआधी दोन वेलची केळी किंवा वाटीभर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. पेज आईच्या घरी रोज होतेच, फक्त ती धावून आल्यावर आठ वाजता मिळायची. ती आता रात्रीच करून ठेवली जाऊ लागली. पहाटेची मळमळ या एवढ्यानेच गेली. मला याचा फार आनंद झाला, कारण यासाठी बाजारातून काहीही आणावं लागलं नाही.

मग दुपार. जोराच्या फेऱ्या असतील त्या दिवशी जेवण एक वाजता, कालवणाऐवजी वरणभात किंवा ताकभात, आणि पोटभर नाही. मासे रात्री. चार वाजता भूक लागली तर एक केळं किंवा गूळ लावलेली अर्धी भाकरी. इथे घरात थोडी कुरबूर झाली. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र असतं, एकीसाठी वेगळं कोण करणार? शेवटी फक्त जोराच्या दिवसांपुरतंच वेगळं, असं ठरलं.

जमिनीसाठी मी सरांशी बोलायला गेले. वही आणि भिंतीवरची दिनदर्शिका शेजारी ठेवली. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि स्वतःच पंचमी ते नवमीच्या संध्याकाळी शाळेच्या जांभ्या मातीच्या मैदानावर नेल्या. वाळूत धावायचंच असेल तेव्हा सेकंद मोजायचे नाहीत, दम बघायचा, हेही त्यांनीच ठरवलं. शिवाय परीक्षा काही वाळूवर होत नाही.

थांबण्याची पद्धत बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. रेषा ओलांडली की बसायचं नाही, वाकायचं नाही, आठ-दहा मिनिटं चालत राहायचं. थकलेल्या मुलीला हे सांगणं सोपं, करणं कठीण. मैत्रिणीला तिच्या दंडाला धरून चालवायला सांगितलं, तेव्हा कुठे जमलं. अगदीच अंधारी आली तर बसण्यापेक्षा आडवं पडून पाय उंच करायचे.

पाणी घोट घोट, फेऱ्यांच्या मधे. तासाभराहून लांब सराव किंवा कपड्यांवर मीठ उमटण्याइतका घाम असेल तेव्हा ओआरएस. त्याचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात अर्धं पाकीट ओतलं तर ते इतकं दाट होतं की मळमळ वाढते. त्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, हे प्रमाण विचारपूर्वक ठरलेलं आहे. खोक्यातलं गोड फळांच्या चवीचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ती योग्यच. कोकम सरबत मीठ घालून, पातळ केलेलं, चालतं. सोलकढी नको, तिच्यात नारळाचं दूध आहे.

तिच्याबरोबर सराव करणारी मुलंही एव्हाना विचारायला येऊ लागली. त्यातल्या दोघांची मळमळ जिममध्ये मिळालेल्या प्री-वर्कआउट पावडरीची होती, रिकाम्या पोटी भरपूर कॅफिन. एकाची नडगी दुखत होती म्हणून तो धावण्याआधी दुखण्याची गोळी घेत होता. धावताना आतड्याला रक्त कमी, त्यात ही गोळी, म्हणजे आतड्याच्या अस्तराला दुहेरी मार. ती बंद केली आणि नडगीला विश्रांती दिली.

काही वेळा मात्र वही भरत बसायची नसते. मळमळीसोबत छातीत दुखणं किंवा दाब, जबडा वा डाव्या हातात कळ, धावता धावताच शुद्ध हरपणं, असं असेल तर हृदय आधी तपासायचं, वय काहीही असो. चाळिशीनंतर जिम सुरू केलेल्या माणसाला व्यायामात मळमळ आणि थंड घाम आला तर त्याला पित्त समजू नये. अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. तिथे गाडीची वाट बघत बसायचं नाही, आधी सावलीत नेऊन थंड पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, आणि थंड करता करताच दवाखान्यात न्यायचं. जबर व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि स्नायू ठणकत असतील तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येत असतो. आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात नुसतं पाणी लिटर-लिटर पिणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आलं तर रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं. त्याला आणखी पाणी पाजणं धोक्याचं. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले होते. मैदानावर "सवय होईल" म्हणण्याआधी प्रत्येकाने ते आठवावं, एवढीच माझी कळकळ आहे.

मुलीचं पुढे असं झालं. उलटी थांबली. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ११.४ वर आलं, गोळ्या अजून चालू आहेत. पूर्ण ताकदीने ८०० मीटर मारल्यावर तिला आजही थोडं मळमळतं, चालत राहिली की दहा मिनिटांत जातं. यावर मी औषध दिलेलं नाही. शिकस्त केल्यावरची एवढी मळमळ शरीराच्या मर्यादेत बसते.

आता उरली मैदानी चाचणी. ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. पूर्ण गुणांसाठी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत हवेत. पण त्या दिवशी सगळ्यात अवघड असतं ते ताटकळणं. मुलं पहाटे मैदानाबाहेर रांगेत लागतात, मग कागदपत्रं, उंची, छाती, आणि प्रत्यक्ष धावायला कधी बोलावतील याचा नेम नसतो. बरीचशी मुलं "धावायचंय" म्हणून काहीच खात नाहीत आणि दहा वाजता रिकाम्या पोटी उन्हात उभी असतात. तिच्यासाठी आम्ही असं ठरवलंय. आदल्या रात्री वरणभात, बाहेरचं काही नाही. पहाटे मीठ घातलेली पेज. पिशवीत चार वेलची केळी, एक लिटर पाण्यात कालवलेलं ओआरएस आणि टोपी. दर तासाला अर्धं केळं, दोन-चार घोट. नाव पुकारायच्या अर्धा तास आधी खाणं बंद. त्या दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही, कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी. धावून झाल्यावर सोबतचा माणूस आत येऊ शकत नाही, तेव्हा चालत राहायचं हे तिचं तिला लक्षात ठेवायचंय. त्याचा सराव ती गेले काही आठवडे मैत्रिणीचा हात न धरता करते आहे.